मा सगळ्यांची, फोटो कोणाचा?

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाने हक्काच्या पैशांची भाषा जरा जपून करावी. आपल्या पूर्वजांनी इथे येऊन तीच केली होती आणि बंगाली लोकांनी ती अजून लक्षात ठेवली आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार चौथ मागत बंगालवर चालून आले, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत पोचले नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. (दोन्ही पक्षांनी काम अर्धवट टाकल्यामुळेच पुढे फारसे वैर उरले नसावे.) नंतर तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, त्याच रस्त्याने मी रोज बँकेत जातो. पण बर्गी (म्हणजे हेच मराठे घोडेस्वार) आले म्हणून पोरांना झोपवणारी अंगाई बंगालीत अजून टिकून आहे, आणि शेजारच्या काकीमा पाहुण्यांना माझी ओळख ‘आमचे बर्गीबाबू’ अशीच करून देतात. प्रेमाने करून देतात, असे मी धरून चालतो.

शेवटी १७५१ साली बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. आजच्या भाषेत वार्षिक लायसन्स फी ठरली म्हणायची. हा इतिहास आमच्या इमारतीत राहणाऱ्या फोटोग्राफरदादांना तोंडपाठ आहे. गेल्या दुर्गापूजेपासून तेही हक्काचे पैसे मागत शहरभर फिरत आहेत आणि सल्ल्याला माझ्याकडे येतात. “तुम्हा लोकांना वसुलीचा जुना अनुभव,” असे त्यांचे म्हणणे. बँकेत असल्यामुळे मला ते नाकारताही येत नाही.

प्रकरण एका फोटोचे. महालयाच्या दिवशी कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्तीचे डोळे रेखतात, त्याला इथे चक्षुदान म्हणतात. त्या क्षणाचा दादांनी फार सुंदर फोटो काढला. देवीचा अर्धा चेहरा, त्यावर कपाळीच्या डोळ्याची अजून ओली रेघ, आणि खालून वर आलेला म्हाताऱ्या मूर्तिकाराचा हात, नखांत माती, बोटांत कुंचला. दादांनी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचे नाव घालून तो फेसबुकवर टाकला. पंचमीपर्यंत लाइक मोजले, षष्ठीपासून फ्लेक्स मोजायला लागले.

आमच्याच पाड्याच्या पूजा समितीने प्रवेशद्वारावर तो वीस फुटी लावला. नाक्यावरच्या मिठाईवाल्याने संदेशच्या खोक्यावर छापला. औषधांच्या दुकानाने ‘शारदीय शुभेच्छा’ म्हणून, एका कोचिंग क्लासने गुणवंत विद्यार्थ्यांच्या रांगेवर आशीर्वाद म्हणून, आणि एका पुढाऱ्याने स्वतःचे हात जोडलेले छायाचित्र त्याच्या दुप्पट आकारात शेजारी बसवून. देवीचा तिसरा डोळा त्या पुढाऱ्यावर रोखलेला दिसतो, एवढाच काय तो न्याय. दादांच्या नावाचे प्रत्येकाने वेगळे काही केले होते. कुणी पुसले, कुणी त्यावर फोन नंबर छापला. समितीच्या फ्लेक्सवाल्याने मात्र सरळ कोपराच कापला, आणि त्याबरोबर मूर्तिकाराचा हातही गेला. आता त्या वीस फुटी चित्रात एक कुंचला हवेत तरंगत आपण होऊन देवीचा डोळा रेखतो. लोक त्याला चमत्कार समजून चपला काढून नमस्कार करू लागले, तेव्हा दादांचा धीर सुटला.

ते मला घेऊन समितीच्या सचिवांकडे गेले. सचिव नवमीच्या हिशेबात होते, तरी उठून आले, दादांना मिठी मारली.

“काय फोटो आहे रे! डोळ्यांत पाणी येतं.”

“पैसे आले असते तर माझ्याही आलं असतं,” दादा म्हणाले.

“पैसे? अरे, फोटो माचा. मा सगळ्यांची. त्यात तुझं-माझं काय?”

“पण काढला मी.”

“काढलास तू. पण आली कोण? मा आली म्हणून तू काढलास ना?”

“मग निदान नाव तरी घाला.”

“पुढच्या वर्षी नक्की. तुझंच भलं होतंय. या फ्लेक्सखालून रोज हजारो माणसं जातात. तुझं नाव होईल!”

“त्यावर नावच नाही, तर होणार कसं?”

यावर सचिवांनी चहा मागवला. कोलकात्यात पैसे नाकारायची एक रीत आहे. आधी मातीच्या कपातला चहा, मग समोसा, मग तुमच्या कलेची तोंडभर स्तुती, आणि उठताना अष्टमीच्या खिचडी-भोगाचे कुपन. माणूस इतका तृप्त होऊन बाहेर पडतो की आपण काय मागायला आलो होतो, हे त्याला कोपऱ्यावर गेल्यावर आठवते. पुण्यात असे होत नाही. तिथे चहाच्या आधीच नकार येतो, त्यामुळे निदान वेळ वाचतो. दादांना तर कुपनही नवमीला मिळाले होते, अष्टमीचे.

पुढचे न्यायालय म्हणजे ओट्यावरचा अड्डा. जुन्या उत्तर कोलकात्यात घराला रस्त्याकडे तोंड करून ओटा असतो. आमच्या ओट्यावर एक निवृत्त वकीलबाबू, एक प्राध्यापक आणि दोन-तीन नुसते बुद्धिमान गृहस्थ बसतात. दादांनी तक्रार मांडली, तेव्हा वकीलबाबूंच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी अशील भेटल्याचा आनंद दिसला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ही चित्र-शिल्पाइतकीच कलाकृती, त्यांनी सांगितले. हक्क खटका दाबल्या क्षणी जन्मतो. त्याची नोंदणी करावीच लागते असे नाही. पुराव्याला बरी म्हणून करायची असेल तर एका कलाकृतीला ५०० रुपये भरून होते. “आणि हक्क किती दिवस?” दादांनी विचारले. “तू असेपर्यंत, आणि तू गेल्यावर साठ वर्षं.” दादांचा चेहरा उजळला, मग ते थोडे विचारात पडले. साठ वर्षे मिळणार होती, पण ती सगळी मेल्यावर. तरी हीसुद्धा अलीकडची मेहेरबानी. २०१२ पर्यंत चित्रकाराला मरणोत्तर साठ वर्षे मिळत आणि फोटोग्राफरची साठ वर्षे मात्र फोटो प्रसिद्ध झाला त्या वर्षापासूनच मोजायला सुरुवात होई. तोवर कायद्यालाही फोटोग्राफर म्हणजे खटका दाबायला ठेवलेला गडी वाटत असावा.

साठ हा आकडा निघाला आणि ओटा ताठ होऊन बसला, कारण हा आकडा बंगालने देशाला दिला आहे. आधी तो पन्नास होता. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क संपणार. गुरुदेवांची गाणी कोणीही कशीही म्हणेल या कल्पनेने बंगाल हवालदिल झाला, आणि केंद्र सरकारने ऐन वेळी अध्यादेश काढून पन्नासाची साठ वर्षे केली. एका कवीसाठी आख्ख्या देशाचा कायदा दहा वर्षे लांबला. त्या लाटेत आपलेही बरेच जण तरले. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २००० ऐवजी २०१० च्या अखेरीस संपला. श्यामच्या आईच्या संसाराला गुरुदेवांनी असा हातभार लावला, हे मी ओट्यावर सांगितले, तेव्हा बर्गी लोकांनाही शेवटी बंगालनेच काही दिले, याचे सर्वांना समाधान वाटले.

गुरुदेवांवरचा हक्क २००१ सरता सरता संपला. आता त्यांच्या चित्रांच्या नकला कुणीही खुशाल काढाव्यात. पण कोलकात्याला नकलेत रस नाही. २०११ साली इथल्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून जी चित्रे मांडली होती, त्यांतली वीस बनावट असल्याचा निर्वाळा पुरातत्त्व खात्याने दिला. गुरुदेवांनी काढायची राहून गेलेली चित्रे कुणीतरी सवडीने पुरी केली होती. याला कॉपीराइटच्या कायद्यात कलम सापडत नाही.

इथपर्यंत दादांचे सगळे बरोबर चालले होते. मग प्राध्यापकांनी खोडा घातला. “फोटो तुझा, मान्य. पण फोटोत काय आहे? मूर्ती. मूर्ती कोणी घडवली?”

ओट्यावर शांतता पसरली. वकीलबाबूंनी चष्मा पुसला. कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे: सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले शिल्प असेल, तर त्याचा फोटो काढायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही. म्हणजे चौकातल्या नेताजींच्या घोड्याचा फोटो खुशाल काढा. पण शब्द आहे ‘कायमचे’. आणि दुर्गा पाच दिवस येते. दशमीला तिला ट्रकवर चढवून बाबूघाटावर नेतात आणि गंगेत सोडतात. ज्या मूर्तीचे सगळे शास्त्रच न टिकण्यावर उभे आहे, तिला ही सवलत लागू कशी करणार? उलट बाजूने, मूर्तिकार कोर्टात गेलाच तर मुद्देमाल आणणार कुठून? तो विरघळून डायमंड हार्बरला गेलेला.

सचिव एवढ्यात ओट्यावर येऊन बसले होते. ते म्हणाले, “मूर्तीचे पैसे आम्ही मोजलेत. मूर्ती आमची, म्हणून फोटोही आमचा.” मला वाटले, आता दादा आडवे होणार. पण वकीलबाबूंनी मान हलवली. पैसे देऊन फोटो, चित्र, पोर्ट्रेट काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्यावरचा हक्क पैसे देणाऱ्याचा, असे कायदा म्हणतो. त्या यादीत शिल्प नाही. तेव्हा मूर्ती समितीची, पण तिच्यावरचा कलेचा हक्क मूर्तिकाराचा. दादांचा फोटो कुणी सांगून काढवलेला नाही, तेव्हा तो दादांचा. सचिवांकडे काय उरते? वीस फुटी फ्लेक्स, बांबूसकट.

दादा खूश होऊन टाळ्या पिटणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की याच कलमात त्यांचा सगळा धंदा अडकला आहे. दादा मार्गशीर्षापासून लग्ने करतात. बंगाली लग्नात वधू विड्याच्या पानांनी तोंड झाकून पाटावर बसते, तिचे भाऊ पाट उचलतात, आणि पाने बाजूला करून ती वराकडे पाहते. आपल्याकडचा अंतरपाट खाली येतो तसाच हा क्षण, फक्त इथे वधू हवेत असते. दादांच्या दुकानाच्या काचेत अशा सतरा वधू आहेत. पैसे वधुपित्याचे, सांगणे वधुपित्याचे, करार तोंडी. तेव्हा काचेतल्या सतराही जणींवर कायद्याने हक्क त्यांच्या घरच्यांचा. एका वधूच्या मावशीने मागे येऊन ‘यात माझी हनुवटी दोन दिसते, फोटो उतरवा’ असे सांगितले होते, तेव्हा दादांनी तिला कलेचे स्वातंत्र्य समजावून परत पाठवले होते. मावशी कायद्याने बरोबर होती. तेव्हापासून दादा करारपत्र छापून घ्यायच्या विचारात आहेत.

चित्रे उचलण्यात कोलकात्याचा हात धरणारे शहर नाही, आणि ते उचलतेही अशा थाटात की मूळ मालकालाच संकोच वाटावा. २००७ साली सॉल्ट लेकच्या एफ. डी. ब्लॉकने पूजेला हॅरी पॉटरचा हॉगवर्ट्स किल्ला उभारला, कापड, बांबू आणि प्लायवूडचा, सोबत ती जादूची आगगाडीही. लेखिका रोलिंगबाई आणि वॉर्नर ब्रदर्स कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावून २० लाख रुपये मागितले. जगभरच्या नकलाखोरांना दमात घेणाऱ्या त्या कंपनीच्या वकिलांना इथे कुणीतरी समजावून सांगावे लागले असणार, की हा किल्ला तिकीट लावून नाही, आत देवी आहे, आणि तुमचा निकाल लागण्याआधी तो आम्हीच पाडणार आहोत. न्यायालयाने पूजा पार पडेपर्यंत मंडप राहू दिला. पैसे देववले नाहीत. पुढे मात्र परवानगीशिवाय असे करू नका म्हणून बजावले. त्यानंतरही लेक टाऊनच्या श्रीभूमी क्लबात २०२१ साली बुर्ज खलिफा उभा राहिला आणि २०२३ साली डिस्नेलँड. बुर्ज खलिफाला अडचण आली ती दुबईकडून नव्हे. त्याच्या लेसर झोतांनी दमदम विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकांचे डोळे दिपू लागले, म्हणून दिवे बंद करावे लागले.

याच शहरात हक्क काटेकोर जपणारेही आहेत. मदर तेरेसांच्या पांढऱ्या साडीचे निळे काठ २०१६ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदले गेले. मुंबईत २०१७ साली ताजमहाल हॉटेलच्या इमारतीच्या रूपाची तशीच नोंद झाली. गेटवेवर उभे राहून घरच्यांचा फोटो काढायला अजून हरकत नाही, फक्त मागचा घुमट मगवर छापून विकायला जाऊ नका.

कलावंत मात्र या बाबतीत नेहमीच ढिले. कालीघाटच्या देवळाबाहेर पटचित्रे रंगवणारे पटुए पैसा-आण्याला चित्र विकत. सही कुणी करत नसे. मग छापखाने आले. १८७८ साली कलकत्ता आर्ट स्टुडिओ निघाला, त्याच साली आपल्या पुण्यात चित्रशाळा, १८९४ ला मुंबईत रविवर्म्याचा छापखाना, आणि जर्मनीहून बोटीने येणारी रंगीत चित्रे वेगळीच. छापील देवी रंगवलेल्या देवीपेक्षा स्वस्त पडली आणि पटुए संपले. चित्रकार जामिनी रॉय यांनी त्याच पटांवरून स्वतःची शैली घडवली आणि आपली चित्रे सामान्य घरात जावीत म्हणून एकेक चित्र पुन्हा पुन्हा, मुलाबाळांच्या मदतीने, स्वस्तात काढले. ते १९७२ साली गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३२ च्या अखेरपर्यंत आहे. गडियाहाटच्या फुटपाथवर त्यांचे मासळीसारखे डोळे उशांच्या अभ्र्यांवर, ट्रेवर, कुर्त्यांच्या पाठीवर पसरलेले असतात. त्या उशीवर डोके ठेवणाऱ्याने २०३२ चा विचार करू नये. झोप लागत नाही.

आणि फोटोग्राफर तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. हाताची घडी घातलेले, फेटा बांधलेले विवेकानंद आपल्या प्रत्येकाने पाहिले आहेत. शाळेत, व्यायामशाळेत, एमपीएससीच्या क्लासबाहेर. तो फोटो १८९३ साली शिकागोत टॉमस हॅरिसन नावाच्या फोटोग्राफरने काढला. किती जणांनी हे नाव ऐकले आहे? मी ओट्यावर विचारले, तेव्हा प्राध्यापकांनी विवेकानंदांचे संपूर्ण भाषण ऐकवले, हॅरिसन त्यांनाही ठाऊक नव्हता. कोलकात्याच्या भिंतींवर रंगणाऱ्या चे गव्हेराचेही तेच. आल्बेर्तो कोर्दाने तो फोटो ५ मार्च १९६० ला हवानात काढला, त्यावर जगाने टी-शर्टांचा डोंगर रचला, आणि कोर्दाने आयुष्यभर त्याची रॉयल्टी घेतली नाही. २००० साली एका व्होडकाच्या जाहिरातीत चे दिसला, तेव्हा मात्र तो भडकला, दावा लावून ५० हजार डॉलर मिळवले आणि तेही क्युबातल्या मुलांच्या औषधांना देऊन टाकले. चोरी चालेल, पण दारूला नको. असा दर ठरवणारा कलावंत कोलकात्यात जन्मायचा, चुकून हवानात गेला.

या पूजेआधी दादा मला कुमारटुलीला घेऊन गेले. गल्ली एवढी अरुंद की दोन देवींमधून अंग चोरून जावे लागते. बांबूच्या सांगाड्यावर भाताच्या पेंढ्यांचे देह बांधलेले, त्यांवर गंगेची माती थापलेली, मुंडकी वेगळी फळीवर वाळत घातलेली, महिषासुराचे दंड मात्र सगळ्यांत आधी तयार. आणि फोटोवाले! मूर्तीला एक कारागीर आणि कारागिराला पाच कॅमेरे. कुणी ट्रायपॉडचा तिसरा पाय चिखलाच्या घमेल्यात रोवलेला, कुणी लाल काठाची साडी नेसवलेल्या मॉडेलला अर्धवट देवीशेजारी उभी करून “जरा उग्र, उग्र!” म्हणून ओरडतोय. मूर्तिकारांच्या संघटनेने फोटोवाल्यांना पास ठेवला आहे. दादांनी पास घेतला, पण खिशातून नोट काढताना कुरकुरले.

“कमाल आहे! फोटो काढायचे पैसे?”

मी काही बोललो नाही. बर्गी माणसाने अशा वेळी बोलू नये.

आत तो म्हातारा मूर्तिकार होता, गेल्या वर्षीच्या फोटोतल्या हाताचा मालक. पाटावर बसून सिंहाची आयाळ कोरत होता. दादांनी वाकून नमस्कार केला आणि कॅमेरा काढला. म्हाताऱ्याने वर न पाहता विचारले, “मागच्या वर्षीचा फोटो पाठवतो म्हणाला होतास. आला नाही.”

दादांनी मोबाइल काढून दाखवला. म्हाताऱ्याने मातीचे बोट न लावता लांबून पाहिला. समितीचा फ्लेक्सही दादांनी दाखवला, आपल्यावरचा अन्याय पटावा म्हणून. म्हातारा बराच वेळ त्या हवेतल्या कुंचल्याकडे पाहत राहिला.

“माझा हात कुठं गेला?”

“कापला त्यांनी. माझं नाव होतं ना तिथं.”

“तुझं नाव पुन्हा लिहिता येईल,” एवढे म्हणून तो सिंहाकडे वळला.

माझे मत विचाराल तर सगळ्या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला. मूर्तिकाराकडून दादांनी उचलले, दादांकडून समितीने, समितीकडून पुढाऱ्याने. प्रत्येकाला स्वतःच्या पुढच्याकडून हक्क हवा आहे आणि मागच्याला द्यायला कुणाकडे सुटे पैसे नाहीत. दादांना मी हे परतीच्या ट्राममध्ये सांगितले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, मग म्हणाले, “प्रिंट काढतो. मोठा. हातासकट.” आणि खरेच तो फ्रेम करून देऊन आले. म्हाताऱ्याने तो चुलीच्या उलट्या बाजूला, धूर लागणार नाही अशा ठिकाणी टांगला आहे.

वसुलीचे म्हणाल तर वकीलबाबूंनी टपालाने पत्रे घातली. कोचिंग क्लासने उत्तर दिले नाही, पुढाऱ्याला पत्र घालायची आमची छाती झाली नाही. एकटा मिठाईवाला दुकानातून उठून घरी आला. “चूक झाली दादा. आमच्या प्रिंटरने गुगलवरून घेतला. बोला, किती द्यायचे?”

आणि दादा गप्प! वर्षभर हक्कासाठी भांडणाऱ्या माणसाला आपला दर माहीत नव्हता. “उद्या सांगतो,” म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि धावत माझ्याकडे आले. आम्ही रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. खोकी किती? किती दिवस? फक्त पूजेत की दिवाळीलाही? फक्त हेच दुकान की शाखाही? लिहून ठेवले नाही तर दिलेल्या हक्काची मुदत कायदा पाच वर्षे धरतो आणि मुलूख आख्खा भारत, तेव्हा हे सगळे लिहायला हवे. दादा म्हणाले, “पाचशे मागू?” मी म्हणालो, “पाच हजार मागा.” दादांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून दोन हजार सांगितले. मिठाईवाल्याने घासाघीस केली नाही. नोटा मोजल्या आणि म्हणाला, “बिल द्या.” दादांकडे बिलबुक नव्हते. एवढी वर्षे बिल मागण्याची वेळच कुणावर आली नव्हती.

आता दोन शब्द दिवाळी अंकांच्या संपादकांना, कारण त्यांचीही छपाईची घाई याच सुमारास असते. दिवाळी अंकाची प्रथा घालून देणाऱ्या १९०९ च्या ‘मनोरंजन’चे संपादक का. र. मित्र मूळचे आजगावकर. आडनावच त्यांनी बंगाली घेतले. तेवढी उचल बंगाल माफ करील. पण लेखातल्या फोटोखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ छापणे आता बंद करा. फोटो कुणीतरी काढलेला असतो, त्यातली मूर्ती कुणीतरी घडवलेली असते. दोघांचा पत्ता शोधा, आधी विचारा, कशासाठी आणि किती काळासाठी ते कागदावर घ्या, खाली सही घ्या, आणि नावे चुकू देऊ नका. मानधनाचा चेक ‘इंटरनेट’च्या नावाने काढून पाहायचा असेल तर जरूर पाहा. तो आमच्या काउंटरवर आला तर आम्ही परत पाठवतो.